माया

बोरी नदी मे महिन्यात नदी नसते,
मैदान असते.
यंदा अमळनेरच्या पोरांनी त्यात स्टेज बांधलं,
दोन रात्री, सोळा बँड पार्ट्या,
पारोळा, धरणगाव, चोपडा, थेट साक्रीपर्यंतच्या.
मी गेले ती कान घेऊन नाही, डोळे घेऊन.
तीस वर्षं बँडवाल्यांचे कोट शिवलेत मी.
गाव म्हणायचं, बाई असून गड्यांच्या छात्या मोजते.
मोजल्या.
ढोलवाल्याची अडतीस, ट्रम्पेटवाल्याची चव्वेचाळीस.
पोटाचा आकडा वहीत लिहायचा, तोंडानं बोलायचा नाही,
हा धंद्यातला पहिला धडा. फुकट शिकले.

पण यंदा कोट कुठायत?
सगळी पोरं काळ्या टी-शर्टात,
पाठीवर पार्टीचं नाव चंदेरी अक्षरात.
चोपड्याच्या एकाचं 'धमाका'मधलं 'मा' धुण्यात गेलेलं,
तो रात्रभर 'धका' घालून वाजवत होता.
गॉगल रात्री अकरालाही.
गुडघ्यावर उघडी जीन्स दिसली की माझा हात
आपोआप पदराला टोचलेल्या सुईकडं जातो.
शेजारची पोर म्हणाली,
"मावशी, ती फाटेल नही शे, फाडेल शे."
"कितलाले पडनी?"
"अठराशेले."
मी सुई पदरात आणखी खोल टोचली.

दुसऱ्या रात्री, साडेबारा वाजले असतील,
वाळू अजून दिवसाची चटका देत होती चपलेतून,
एरंडोलच्या पार्टीतून एक पोरगी पुढं आली.
हातात क्लॅरिनेट.
आधी शिट्ट्या, मग शिट्ट्यांनाच लाज वाटली.
अंगात जांभळा मखमली कोट, बाह्या कापून टाकलेल्या,
पायात पांढरे बूट.
कोट विटून वांग्याच्या भाजक्या सालीसारखा झालेला,
पण काखेपासून कमरेपर्यंत, दोन्ही कुशींना
एकेक लखलखीत जांभळा पट्टा.
पोरी मोबाइल उंच धरून त्या पट्ट्यांचे फोटो काढत होत्या.

मी शिलाई ओळखली.

रज्जाक पिंजाऱ्याचा कोट. सत्त्याण्णव साल, छाती चौतीस.
"बारीक शे मी, घट्ट शिव, कपडा वाचाड," म्हणाला होता.
शिलाई उधार, तरी आत दीड-दीड इंच माया सोडली.
माझा बाप सांगायचा,
माणूस आज आहे तेवढाच राहील
असं धरून कापू नको.

रज्जाक तेवढाच राहिला.
आठ लग्नसराया कोट उन्हात वाजला,
मग जिनिंगमधली रुई छातीत बसली, फुंकर संपली,
कोट खुंटीवर गेला.
आता पोरीनं कुशी उसवून
आपल्यापुरती जागा काढली होती.

तो वाळूत खुर्ची टाकून बसलेला, मे महिन्यात मफलर.
बोटं गुडघ्यावर भोकं दाबत होती,
पोरीच्या अर्धा ठोका आधी.
मी म्हटलं, "मागं लांबी कमी पडतेय."
"सूर पडस का कमी?"
"नाही."
"मंग चूप बैस."

तिला तिसरं बक्षीस. पहिलं 'धका'वाल्यांना.
असो.

आठ दिवसांनी दुकानात तीन पोरी, एक पोरगा,
फोन माझ्या नाकाशी:
"मावशी, साइडला अशे पट्टे पाहिजेत. नवी फॅशन शे."
म्हटलं, दुसरं कापड जोडून देते, दोनशे रुपये.
पण अगदी असेच हवे असतील
तर आधी कोट शिवा,
उन्हात वाजवा, मग वीस वर्षं खुंटीला टांगा,
आणि तो घट्ट होईल असं कुणीतरी
घरात वाढू द्या.

पोरगा म्हणाला, "रविवारपर्यंत व्हई का?"

त्याची छाती मोजली. तेहेतीस.
वहीत लिहिलं.
कापताना दोन इंच सोडले,
बिलात धरले नाहीत.